मेनू वाचावा भाजीच्या बाजूने

आसनगाव-शहापूरकडची मंडळी पूर्वी बाहेर जेवायचं म्हणजे नाशिक हायवेवरच्या ढाब्यावर जायची. आता कसारा लोकलने रोज ठाण्या-मुंबईला ये-जा करणारी मुलं आईवडिलांना वाढदिवसाला मॉलमध्ये नेतात, गोव्याला गेली की शिवोलीच्या ‘थलासा’त जेवून येतात. मग माझ्यासमोर बसून विचारतात, ‘‘मॅडम, ग्रीक खाल्लं. ते तर हेल्दीच ना?’’ मी आहारतज्ज्ञ. माझा उलट प्रश्न ठरलेला: मागवलंत काय? हमस, टोपलीभर पिटा, फलाफल, शोरमा, फ्राइज आणि शेवटी बकलावा, अशी यादी ऐकू आली की सांगावं लागतं की ज्या जेवणाचं डॉक्टर लोक कौतुक करतात, ते हे नव्हे.

ते कौतुक सुरू झालं क्रीट बेटावरच्या शेतकऱ्यांपासून. अमेरिकी शास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी 1958 मध्ये सात देशांतल्या पुरुषांचा दीर्घ अभ्यास हाती घेतला. त्यात हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण क्रीटमध्ये सर्वांत कमी निघालं. त्या माणसांच्या जेवणात कडधान्यं, रानातला पाला, भाज्या, जाडाभरडा पाव, फळं आणि भरपूर ऑलिव्ह तेल असायचं. मासे बेताचे, मांस क्वचित. उष्मांकांपैकी जवळजवळ 40 टक्के स्निग्धातून येत, आणि ते त्यांना मानवायचं, कारण दिवस उतारावरच्या शेतात राबण्यात जायचा. आपण तेवढंच तेल खाऊन दिवसभर खुर्चीत बसणार असू, तर हिशोब बदलतो. एक मोठा चमचा ऑलिव्ह तेल म्हणजे सुमारे 120 उष्मांक; शेंगदाणा तेलाचेही तेवढेच.

पुढे स्पेनमध्ये याच धर्तीच्या आहाराची 7,447 जणांवर मोठी चाचणी झाली. 2013 मध्ये छापलेला निबंध पद्धतीतल्या उणिवांमुळे 2018 मध्ये मागे घेतला गेला आणि नव्या विश्लेषणासह पुन्हा छापला. तरीही हृदयविकार, पक्षाघात असे मोठे आघात सुमारे 30 टक्क्यांनी कमी झाल्याचा निष्कर्ष टिकला. म्हणून या आहारावर माझा विश्वास आहे. फक्त तो मेनूकार्डावर नेमका कुठे असतो, हे ओळखता यायला हवं.

ते ओळखणं आपल्या तालुक्यातल्या माणसाला मुंबईकरापेक्षा सोपं जावं. क्रीटमध्ये रानभाज्या उकडतात, पाणी निथळून वर ऑलिव्ह तेल आणि लिंबू घालतात. त्या पदार्थाला ‘होर्टा’ म्हणतात. पावसाच्या सुरुवातीला आसनगाव स्टेशनबाहेर ठाकूर-कातकरी बाया शेवळं, टाकळा, भारंगी, कुर्डू घेऊन बसतात. शेवळ्याच्या जुडीसोबत काकडंही देतात, म्हणजे भाजी घशाला खवखवत नाही. ते जिला माहीत आहे, तिला होर्टाची थोरवी पटवून द्यावी लागत नाही. शहापूर-मुरबाडची भेंडी परदेशी जाते. ग्रीक लोक भेंडीला व्हिनेगर लावून थोडा वेळ उन्हात ठेवतात, त्याने चिकटपणा मोडतो. मग कांदा, टोमॅटो आणि ऑलिव्ह तेलात मंद आचेवर शिजवतात. तिचं नाव ‘बामिएस’. मोठ्या पांढऱ्या घेवड्याचं टोमॅटोतलं ‘गिगांतेस’ही असंच. भातकापणीनंतरच्या ओलीवर वाल पेरणाऱ्या घरांत ते पहिल्या घासाला आवडेल.

यातलं काहीही मेनूत दिसलं तर आधी तेच मागवा. आपल्याकडे हे पदार्थ फार ठिकाणी मिळत नाहीत, हेही खरं. मग जे मिळतं त्यात निवड करायची. हमस चांगलंच आहे: छोले, तीळ, लिंबू, लसूण. शंभर ग्रॅममध्ये सात-आठ ग्रॅम प्रथिनं मिळतात, पण उष्मांकही सव्वादोनशेच्या पुढे जातात. चौघांत एक वाटी पुरे. घात होतो तो पिटाने. मैद्याचा एक मध्यम पिटा म्हणजे दोन फुलक्यांएवढे उष्मांक, आणि बोलता बोलता तीन कधी संपतात ते कळत नाही. टोपली परत पाठवायला लाजू नका. हमसबरोबर काकडी, गाजर, मुळा मागा. भाजलेल्या वांग्याचं बाबागनूश, पार्सली-टोमॅटोचं ताबुले, दह्या-काकडीचं झाझिकी हे टेबलाच्या मध्ये असावं. मुख्य पदार्थ म्हणून ग्रिल केलेला मासा किंवा सुवलाकी घ्यावी. मुसाका नावाने वांग्याचा, पण वांगी बहुधा तळलेली आणि वर लोणी-मैद्याचा पांढरा सॉस. तो चौघांत एकच सांगावा.

मिठाबद्दल मी जरा हट्टाने बोलते, कारण माझ्याकडे येणाऱ्या पन्नाशीपुढच्यांत रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे बरेच असतात. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा. ग्रीक सॅलडमधलं फेटा चीज खाऱ्या पाण्यात मुरवलेलं असतं, ऑलिव्हही तसेच. फेटा अर्धाच घाला, ऑलिव्ह दोन-तीनच, आणि वरून मीठ नको, असं आधीच सांगून ठेवावं.

शोरम्याच्या गाड्या आता स्टेशनांबाहेरही लागतात. तिथे मला उष्मांकांपेक्षा भीती वाटते ती न शिजवलेल्या अंड्याच्या मेयोनीजची आणि तासन्‌तास कोमट राहिलेल्या कोंबडीची. केरळने जानेवारी 2023 मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर बंदी घातली, ती उगीच नाही. उन्हाळ्यात तर तो गाडा टाळाच.

मधुमेह्यांनी वेळेचं भान ठेवावं. ठाण्याला रात्री साडेनऊला ताट समोर येणार असेल, तर संध्याकाळी मूठभर चणे-शेंगदाणे खाऊन निघावं. इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवण लांबणार असेल तर डोसचं काय करायचं, ते आपल्या डॉक्टरांना आधी विचारून ठेवावं. अंदाजाने बदल करू नये.

राहिले घरातले माळकरी. पोरं त्यांना अशा हॉटेलात न्यायला बिचकतात, ते बरोबर नाही. ग्रीक ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचे उपवासाचे दिवस वर्षात निम्म्याच्या आसपास भरतात. त्या दिवसांत मांस, अंडी, दूध चालत नाही, म्हणून त्यांच्या स्वयंपाकात कडधान्यांचे आणि भाज्यांचे कितीतरी प्रकार आहेत. फक्त विचारून घ्यावं. द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेल्या डोल्म्यात नुसता भात आहे की खिमाही? मसूरच्या सुपाला पाणी भाज्यांचं आहे की हाडांचं? आणि फलाफल ज्या तेलात तळतात, त्यात कोंबडी तळत नाहीत ना? एवढी उत्तरं मिळाली की आजीसाठी डोल्मे आणि मसूरचं सूप खुशाल मागवा. बाकीच्यांनीही त्यातलंच घ्यावं.