भुताची गोष्ट आणि बागुलबुवा

मैत्रिणींनो, भुताच्या गोष्टीत प्रत्यक्ष भूत किती वेळ असतं, हे कधी पाहिलंत? अगदी थोडा वेळ! बाकी सगळं आपल्याच घरातलं. माजघर, कडी लावलेलं दार, अंथरुणावरची म्हातारी. नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांना हे गुपित पक्कं ठाऊक होतं. ओळखीच्या घरात एकच गोष्ट खटकते आणि लेखक तिचा उलगडा लांबवतो. बंद दारापलीकडचं भूत मग आपणच घडवतो, ज्याच्या त्याच्या मापाचं!

आमच्या मुरुमला उन्हाळ्यात माळवदावर अंथरुणं पडली की आजीही तेच करायची. ऐन रंगात आली की थांबून पान लावायची! पण गोष्ट पुरी केल्याशिवाय तिनं आम्हांला कधी झोपवलं नाही. आधी भूत पळायचं, मग झोप.

'जेव, नाहीतर बागुलबुवा येईल,' असं आपण लेकरांना सहज म्हणतो ना, त्याला मात्र शेवटच नसतो. दार बंदच राहतं. मग रात्री मोरीपर्यंत जायलाही लेकरू घाबरलं, तर नवल कसलं? धाक घालण्यापेक्षा गोष्ट सांगा. आणि ती पुरी करा, बरं का!