कुंभार्ली घाट, छोटी गाडी आणि माहेरची वाट

कराड ते दाभोळ ही वाट आम्हाला तोंडपाठ आहे. सासर घाटावर आणि माहेर खाडीकाठी असल्यामुळे लग्नानंतरची वीस वर्षं पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण असं वर्षातून तीन-चार वेळा तरी उतरणं ठरलेलंच होतं. मधली दोन वर्षं मात्र आमचं जाणं थांबलं.

कारण साधं होतं. घरात गाडी चालवणारा माणूस एकच, आणि त्याचाच डावा गुडघा दुखू लागला. आमची जुनी गाडी आठ माणसांची, डिझेलची, 2494 सीसी इंजिनाची. तिचा क्लच जड. घाटातल्या प्रत्येक वळणाला तो दाबायचा म्हणजे खाली पोहोचेपर्यंत पाय सुजायचा. डॉक्टरांनी जिना आणि क्लच दोन्ही सोडायला सांगितलं. दाभोळहून अम्मीचा फोन यायचा. ऐंशी ओलांडलेली अम्मी 'या' असं कधी म्हणाली नाही. 'गुडघा कसा आहे?' एवढंच विचारायची. त्या प्रश्नामागचा प्रश्न आम्हाला कळत होता.

शेवटी मोठी गाडी विकली आणि 998 सीसीची, पेट्रोलवर चालणारी ऑटोमॅटिक गाडी घेतली. मोठ्या गाडीने मोहल्ल्यातली किती लग्नं, किती मय्यती, दवाखान्याच्या किती रात्री पाहिल्या होत्या. ती दारातून गेली तेव्हा वाईट वाटलं. नवी आली तेव्हा शेजारच्या चाचांनी काळजीने विचारलं, "धंद्यात काही कमी-जास्त झालं का?" आम्ही हसलो, पण मनाला लागलं. मोठी गाडी म्हणजे आपण मोठे, असं आम्हालाही कुठेतरी वाटत होतंच.

पहिला आठवडा सवयी मोडण्यात गेला. आमच्या गाडीत एएमटी आहे. म्हणजे गिअरबॉक्स नेहमीचाच, क्लचही आहे, फक्त तो दाबायचं काम पायाऐवजी यंत्र करतं. डाव्या पायाला काही कामच नाही. पण वीस वर्षांची सवय! पाय क्लच शोधायचा आणि ब्रेकवर पडायचा. भरबाजारात गाडी अशी गचकन थांबली की मागच्या रिक्षावाल्याने आमचा उद्धार केला. तेव्हापासून डावा पाय मागे, सीटजवळ ठेवायचा नियम केला. ब्रेक आणि अॅक्सिलरेटर दोन्ही उजव्याच पायाने.

दुसरी गोष्ट धीराची. यंत्र गिअर बदलताना क्षणभर थबकतं आणि गाडी मान डोलावल्यासारखी हलते. त्या क्षणी अॅक्सिलरेटर दाबून धरला तर धक्का बसतो, किंचित सोडला तर बदल अलगद होतो. अशा गाडीत उभं करण्यासाठीचा 'पी' नसतो, म्हणून ती गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढायचा आणि मगच उतरायचं.

या आठवड्यात आणखी एक गोष्ट झाली. आमच्यातल्या दुसरीने परवाना काढून अकरा वर्षं झाली होती, पण मोठ्या गाडीला तिने हात लावला नव्हता. सीट कितीही पुढे घेतली तरी क्लच पूर्ण दाबला जात नसे. छोट्या गाडीत ती बसली, आरसे लावले आणि चार दिवसांत गावभर फिरून आली.

मग एका शनिवारी फजर पढून, बिस्मिल्लाह म्हणून, सफरची दुआ करून निघालो. पाटणपर्यंत रस्ता सरळ. पुढे कोयनेच्या काठाने चढ सुरू झाला आणि दोन इंजिनांतला फरक कळला. जुन्या गाडीचा टॉर्क 200 न्यूटन-मीटर, तोही इंजिनाच्या 1400 फेऱ्यांपासून मिळणारा. नवीचा सुमारे 90, आणि त्यासाठी इंजिन 3500 फेऱ्यांपर्यंत न्यावं लागतं. पूर्वी उसाची ट्रॉली दिसली की तिसरा गिअर टाकून पुढे निघायचो. आता पाय दाबला की आधी आवाज वाढतो, मग गिअर बदलतो, मग वेग येतो. तेवढ्यात समोरून एसटी दिसते. एकदा असं झालं आणि आम्ही मुकाट्याने ट्रॉलीच्या मागे गेलो. लांबवर रस्ता मोकळा दिसेपर्यंत थांबायचं, हे त्या दिवशी ठरलं. कोयनानगरला नेहमीपेक्षा वीस मिनिटं उशिरा पोहोचलो. एवढंच नुकसान.

कोयनेचं पाणी मुळात पूर्वेला कृष्णेकडे जाणारं. धरण बांधून ते शिवसागर जलाशयात अडवलं आणि बोगद्यांतून पश्चिमेला वळवलं. पोफळीच्या बाजूला ते सह्याद्रीखाली कोसळतं, वीज देतं आणि वाशिष्ठी नदीतून दाभोळच्या खाडीला मिळतं. 1960 मेगावॅटचा हा प्रकल्प. म्हणजे आम्ही उतरतो तसं पाणीही माहेरीच उतरतं, असं आमच्या घरात गमतीने म्हणतात.

कुंभार्ली घाटाच्या तोंडाशी चहा घेतला आणि चालक बदलला. घाट तिने उतरवायचा ठरला. गाडी 'डी'मध्येच सोडली तर उतारावर ती वरचा गिअर घेते, पळू लागते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. सारखा ब्रेक दाबला की तो तापतो आणि ऐनवेळी दगा देतो. म्हणून 'एम'मध्ये घेऊन दुसरा गिअर लावला. इंजिनच गाडीला आवरून धरू लागलं. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये तो उतरावा, ही जुन्या ड्रायव्हर लोकांची रीत गाडी बदलली तरी बदलत नाही. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, तीही दिली. शेजारी बसलेल्याचा डावा पाय पहिल्या चार-पाच वळणांना हवेत क्लच दाबत होता. मग तोही शांत झाला.

चिपळूणहून गुहागरच्या रस्त्याने शृंगारतळीला आलो, तिथे जोहरची वेळ झाली. मुसाफिराला चारऐवजी दोन रकअत. सासरी हनफी, माहेरी शाफई, तपशिलात फरक असला तरी प्रवासातली ही सवलत दोन्हीकडे आहे. सलाम फेरल्यावर मनात आलं, चारच्या दोन झाल्या म्हणून आपल्याला कधी कमीपणा वाटला नाही. अल्लाहने माणसाची अडचण ओळखून दिलेली सवलत आपण शुक्र करून घेतो. मग गुडघ्याची अडचण ओळखून घेतलेल्या छोट्या गाडीची लाज कसली? चाचांना द्यायचं उत्तर आम्हाला तिथे सापडलं.

धोपाव्याला फेरीबोट उभीच होती. रॅम्पवर चढताना पुढची जीप थांबली आणि आमची गाडी जराशी मागे सरकली. अशा वेळी अॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरायची नाही, आतला क्लच जळतो. हँडब्रेक ओढला, जीप हलल्यावर हळूच सोडला आणि बोटीत चढलो. खाडी ओलांडताच दाभोळ. किनाऱ्याजवळची आदिलशाही काळातली, 1659 ची मशीद दिसली. लोक तिला अंडा मशीद म्हणतात. विजापूरची शहजादी हजला निघाली, समुद्रातली वाट धोक्याची म्हणून तिला इथेच थांबावं लागलं आणि प्रवासाचा पैसा तिने या मशिदीला लावला, असं इथे सांगतात.

अम्मीचं घर उतारावरच्या अरुंद बोळात आहे. मोठी गाडी वर रस्त्यालाच राहायची आणि निरोप द्यायला अम्मी काठी टेकत तिथवर यायची. गेली काही वर्षं तिला तेही जमत नव्हतं. ती उंबऱ्यात उभी राहायची आणि गाडी सुरू झाल्याचा नुसता आवाज ऐकायची. या खेपेला गाडी बोळात शिरली, दोन्ही बाजूंना वीतभर जागा ठेवून थेट दारात थांबली. अम्मी बाहेर आली. आधी गाडी पाहिली, मग स्टिअरिंगमागे बसलेली लेक. "तू आणलीस?" म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. संध्याकाळी तिला पुढच्या सीटवर बसवून जेट्टीपर्यंत नेलं. तीन वर्षांत तिने खाडी पाहिली नव्हती. दिवे लागेपर्यंत ती काच खाली करून बसून राहिली.

परत येताना डिकीत नारळ, तांदूळ आणि सुकट. भरलेल्या गाडीने कुंभार्ली चढताना एसी बंद केला, दुसरा गिअर धरला आणि मागून येणाऱ्यांना खुशाल पुढे जाऊ दिलं. इंजिन घुरघुरत राहिलं, पण अल्हम्दुलिल्लाह, कुठे थांबलं नाही. कराडला पोहोचल्यावर अम्मीचा फोन आला. गुडघ्याचं तिने विचारलंच नाही.

"परत कधी येताय?" म्हणाली.