सेऊलच्या राजवाड्यांतील एक बरणी

धाकटे चिरंजीव नोकरीनिमित्त कोरियांत, सेऊल येथें राहतात. गेल्या आश्विनांत मी त्यांजकडे गेलों होतों. जाण्याचें खरें कारण एक कागद होता. तें पुढें येईलच. एके दिवशीं सहा वर्षांच्या नातीस घेऊन तेथील राजवाडा-संग्रहालय पाहावयास निघालों.

ग्योंगबोकगुंग या जुन्या राजवाड्याच्या आवारांतच हें संग्रहालय आहे. १३९२ पासून १९१० पर्यंत, म्हणजे जपाननें देश गिळंकृत करीपर्यंत, राज्य करणाऱ्या जोसन घराण्याच्या वस्तु येथें आहेत. प्रवेशास मूल्य नाहीं. पेन्शनर मास्तराच्या हें प्रथम ध्यानांत यावें यांत नवल काय!

आरंभीं राजमुद्रा पाहिल्या. कांहीं सोन्याचा मुलामा दिलेल्या, कांहीं जेड नामक दगडाच्या. पुष्कळांची मूठ कांसवाच्या आकाराची. १९५० सालीं सुरू झालेल्या युद्धांत यांतील कांहीं परदेशीं गेल्या. नऊ मुद्रा अमेरिकेनें २०१४ सालीं परत केल्या. "राजा कांसवानें शिक्का मारी?" म्हणून चिमी हंसली. सिंहासनामागील पडद्यावर पांच शिखरें आणि त्यांवर सूर्य व चंद्र एकदमच! हें कसें, या तिच्या प्रश्नाचें उत्तर मी जुळवीत आहें तों स्वारी पुढें पळाली. माझा पाय मात्र १३९५ सालच्या नक्षत्रशिलेपाशीं अडला. काळ्या पाषाणांत १४६७ तारे कोरलेले! त्यांत कृत्तिकांचा पुंजका शोधीत मी उभा राहिलों, तों धोतराला ओढ बसली.

"आजोबा, इकडे या ना!"

कांचेच्या कपाटांत एक पांढरी चिनी मातीची बरणी होती. चिमीनें पाटीवरील कोरियन अक्षरें मोठ्यानें वाचिलीं, "तेहांगारि." सेजोंग राजानें १४४६ सालीं प्रजेस दिलेली ही लिपि ती भराभर वाचते, चाळीस वर्षें मुलांस वाचावयास शिकवून मी मात्र तेथें निरक्षर! 'हांगारि' म्हणजे बरणी, हें तिला ठाऊक. 'ते' म्हणजे काय, तें खालच्या इंग्रजीवरून मीं लाविलें. राजकुळांत मूल जन्मलें कीं त्याची वार अनेकदां धुऊन बरणींत घालीत, ती दुसऱ्या मोठ्या बरणींत ठेवीत आणि शुभ टेकडी पाहून पुरीत. जपानी अमलांत अशा पुष्कळ बरण्या उकरून एके ठिकाणीं नेल्या गेल्या.

"आपल्याकडेहि पुरतात," मी बोलून गेलों.

"बाबांची कुठें पुरली?"

"गांवीं. परसांतल्या माडाच्या बुंध्याशीं."

"तुमची?"

"तेथेंच."

"मग माझी?"

ती जन्मली येथल्या इस्पितळांत. मला उत्तर सुचेना. तें घर विकावयाचें भावकीनें ठरविलें आहे, आणि चिरंजीवांनीं वकिलातींत जाऊन सही करावी म्हणून आणलेलें संमतिपत्र आठ दिवस माझ्या पिशवींत पडून होतें.

परततांना तिनें विचारिलें, "त्या माडाला अजून नारळ येतात?"

"येतात."

रात्रीं पान वाढल्यावर चिरंजीव म्हणाले, "अण्णा, उद्यां सुट्टी काढतों. वकिलातीचें काम उरकून टाकूं."

"उद्यां नको," मी म्हणालों, "आधीं चिमीला घेऊन एकदां गांवीं या."