बाकावरचे नऊ जण

दोस्तांनो, फुटबॉलचा असा एखादा खेळ तुम्हाला माहीत आहे का, ज्यात तुम्ही चेंडूला एकदाही पाय लावत नाही? बटण दाबून पळायचं नाही, हेडर मारायचा नाही, गोलसुद्धा मारायचा नाही. नुसतं बसून विचार करायचा! 'हॅ, हा कसला खेळ? हा तर गणिताचा जादा तास!' असं तुम्ही म्हणाल. माझी ताई अजूनही तसंच म्हणते. तिच्या लेकाने मात्र माझ्या कॉम्प्युटरवर या खेळात एक अख्खा हंगाम काढला, आणि त्याच्या शेजारी बसून मीही काढला.

खेळाचं नाव 'फुटबॉल मॅनेजर'. पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या दोघा इंग्रज भावांनी 1992 साली 'चॅम्पियनशिप मॅनेजर' नावाचा खेळ बाजारात आणला. घरच्या खोलीत बसून त्यांनी तो तयार केला होता, बरं का! त्याच खेळाचं 2004 साली नव्या नावाने बारसं झालं. यात तुम्ही एखाद्या खऱ्याखुऱ्या संघाचे मॅनेजर होता. कोणाला विकत घ्यायचं, सराव कसला करून घ्यायचा, सामन्यात कोण खेळणार, सगळं तुम्ही ठरवायचं. मग सामना सुरू होतो आणि तुम्ही काठावर! ओरडा हवं तेवढं.

यातल्या प्रत्येक खेळाडूचं एक प्रगतिपुस्तक असतं. वेग, पास, उडी, धाडस, एकाग्रता, प्रत्येक गोष्टीला 1 ते 20 मध्ये गुण. हे गुण कॉम्प्युटर आपल्या मनाने देत नाही. देशोदेशीची फुटबॉलवेडी माणसं खरे सामने बघून टिपणं काढतात आणि ती खेळात भरली जातात. शिवाय एक आकडा लपवलेला असतो. हा खेळाडू पुढे जास्तीत जास्त किती चांगला होऊ शकेल, त्याचे 200 पैकी गुण! आपल्यालाही कोणी असे छुपे गुण देऊन ठेवले असते तर? मला तर ती कल्पनाच नको वाटते.

तर 2023 ची दिवाळीची सुट्टी. भाचा आठवीत, राहतो मुलुंडला. घाटकोपरला मेट्रो पकडून, आझाद नगरला उतरून स्वारी माझ्याकडे अंधेरीला दाखल झाली. खेळाची नवी आवृत्ती नुकतीच आली होती. इंग्लंड-स्पेनचे बडे बडे संघ हात जोडून उभे असताना पठ्ठ्याने निवडला मुंबई सिटी! कारण विचारलं, तर म्हणाला, "मावशी, त्यांचं मैदान तुझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. मॅनेजरने मैदान बघितलेलं नको?"

मुद्दा बिनतोड होता. 2014 साली इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हापासून हा संघ आहे. पहिली दोन वर्षं तो नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये खेळला आणि 2016 साली अंधेरीच्या शहाजी राजे क्रीडा संकुलात आला. त्या वर्षी उरुग्वेचा दिएगो फोर्लान इथे खेळून गेला. छोटंसं मैदान, पण सामना असला की गलका आमच्या गॅलरीत ऐकू येतो.

हंगाम सुरू झाला. बारा संघ, प्रत्येकाचे बावीस सामने. आम्ही दोघांनी एक नियम केला. हरलेला सामना पुसून पुन्हा खेळायची सोय कॉम्प्युटरवर असते, ती वापरायची नाही. हरलो तर हरलो!

पहिल्याच आठवड्यात खरी पंचाईत झाली. संघात खेळाडू पंचवीसच्या वर. मैदानात उतरणार अकरा. बाकावर नऊ, आणि त्यातल्या पाचांनाच बदली म्हणून आत पाठवता येतं. उरलेले तर गणवेश चढवून बाकावरही बसत नाहीत. त्यात परदेशी खेळाडू मैदानात एका वेळी फार तर चार. उजव्या बाजूला छांगटे हवाच, डाव्या बाजूला बिपिन सिंग. मग विक्रम प्रताप सिंगचं काय? तो बसला बाकावर. चार-पाच सामने गेले आणि पडद्यावर निरोप आला, 'मला पुरेशी संधी मिळत नाही, मी नाराज आहे.'

भाचा गप्प झाला. बराच वेळ माऊस तसाच हातात.

आता तुम्हाला सांगते. हे चिरंजीव शाळेच्या संघात राखीव खेळाडू. सातवीचं वर्षभर बाकावर बसून काढलं. दर सामन्याला आईने डबा द्यायचा, बूट पुसायचे, दादरपर्यंत लोकलने जायचं आणि कोरड्या मोज्यांनी परत यायचं. सरांवर त्याचा एवढा राग की घरात त्यांचं नाव काढायची सोय नव्हती. आणि आता तेच काम त्याच्यावर आलं होतं!

"काय उत्तर देणार?" मी विचारलं.

"दोन पर्याय दिलेत. 'तुला लवकरच संधी देईन' किंवा 'आधी सरावात दाखव'."

"मग?"

"पहिलं म्हटलं आणि नाही दिली, तर तो आणखी चिडणार. दुसरं म्हटलं तर आत्ताच चिडणार." जरा थांबून हळूच म्हणाला, "सर आम्हाला काहीच सांगत नाहीत ना, ते यामुळेच असेल का गं?"

याचं उत्तर मला देता आलं नाही. त्याने शब्द दिला आणि पुढच्या सामन्यात बिपिनला बसवून विक्रमला खेळवलं. सामना हरलो. तरी शब्द दिला म्हणून त्याच्या पुढच्या सामन्यातही विक्रमच! आमच्या हंगामातला मला सगळ्यात आवडलेला निर्णय हाच.

इकडे घराजवळच्या मैदानात त्याच संघाचा खरा हंगाम चालला होता, आणि तो आमच्यापेक्षा भलताच चमत्कारिक निघाला. ऐन मोसमात नोव्हेंबरमध्ये प्रशिक्षक डेस बकिंगहॅम इंग्लंडच्या ऑक्सफर्ड युनायटेडकडे निघून गेले. डिसेंबरमध्ये पेत्र क्रात्की आले. 20 डिसेंबरला अंधेरीत मोहन बागानशी सामना झाला. मुंबईने तो 2-1 असा जिंकला, पण पंचांनी लाल कार्डं दाखवली किती? सात! चार आपल्याला, तीन त्यांना. रात्री मुलुंडहून फोन आला, "मावशी, आपल्या कॉम्प्युटरवर असं झालं असतं, तर आपण म्हटलं असतं की प्रोग्राम बिघडला!" पुढे जानेवारीत ग्रेग स्ट्युअर्ट हा हुकमी परदेशी खेळाडूही संघ सोडून गेला. आमच्या कॉम्प्युटरवर तो छान खेळतच होता.

आमचा कॉम्प्युटरवरचा हंगाम दर शनिवार-रविवारी थोडा थोडा पुढे सरकत मार्चमध्ये संपला. तिसरा क्रमांक, आणि उपांत्य फेरीत ओडिशाने घरी पाठवलं. वाईट नाही. शेवटी विक्रम खूश होता. पडद्यावर तसं लिहिलेलं होतं.

खऱ्या मुंबईने मात्र लीगचं शील्ड शेवटच्या सामन्यात गमावलं. 15 एप्रिल 2024 ला कोलकात्यात मोहन बागानने 2-1 असं हरवलं. नऊ दिवसांनी उपांत्य फेरीचा पहिला सामना गोव्यात. तोपर्यंत भाच्याची परीक्षा संपली होती. टीव्हीपुढे आम्ही दोघं. नव्वद मिनिटं होत आली आणि गोवा 2-0 ने पुढे. मी उठून भांडी घासायला गेले. स्वयंपाकघरात होते तेवढ्यात छांगटे, विक्रम, पुन्हा छांगटे! तीन गोल, 3-2! माझ्या हातात साबणाचा फेस आणि भाचा सोफ्यावर उभा. 29 तारखेला परतीचा सामना अंधेरीत होता. आम्ही चालत गेलो. मुंबईने तो 2-0 जिंकला.

4 मे ला कोलकात्यात अंतिम सामना, समोर पुन्हा मोहन बागान. मध्यंतराला आपण 0-1 मागे. दुसऱ्या डावात पेरेरा दियाझने बरोबरी केली. आता दियाझ सुरुवातीपासून मैदानात होता. पण 81 व्या मिनिटाला दुसरा गोल मारणारा बिपिन सिंग बाकावरून उठून आला होता. हाच बिपिन, ज्याने 2021 च्या अंतिम सामन्यात अगदी शेवटच्या क्षणी विजयी गोल मारला होता! तिसरा गोल याकुब वोयटुशचा, तोही बदली खेळाडू. 3-1, करंडक मुंबईचा.

मी टाळ्या वाजवत होते. भाचा वहीत काहीतरी लिहीत होता. डोकावले तर दोन रकाने. एकात बदली खेळाडूंची नावं आणि दुसऱ्यात कोण कितव्या मिनिटाला आत आला ते.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. जुलैत पहिला सामना, चिखलात. यादीत हा पुन्हा राखीव. संध्याकाळी मी जरा भीतभीतच फोन केला.

"मावशी, त्यांचा डावा बॅक आहे ना, तो पुढे गेला की परत यायला वेळ लावतो. मी पंधराव्या मिनिटापासून तेच बघत होतो."

"मग?"

"मग काय, सरांनी पाठवलंच नाही. शून्य-शून्य झाली."

"आणि तू?"

"मी जाऊन सांगितलं सरांना, त्या बॅकबद्दल. त्यांनी नुसतं 'हं' केलं. पण पुढच्या शनिवारी पुन्हा त्यांच्याशीच आहे. तू येशील?"