पळसाला पानं किती?

“पळसाला पानं किती?”

“तीन!”

कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं. ‘कुठंही जा, पळसाला पानं तीनच’ ही म्हण आपण सगळे शाळेत पाठ करतो. म्हणजे काय, तर जिथं जाल तिथं तीच तऱ्हा, नवीन काही दिसायचं नाही. पण बालमित्रांनो, मे महिन्याच्या सुट्टीत भाचा आणि भाचीला घेऊन मी हिंगोलीहून औंढा नागनाथला गेलो, आणि या म्हणीची पार उलटापालट झाली. कशी, ते सांगतो.

हिंगोली हा मराठवाड्यातला जिल्हा. आधी तो परभणी जिल्ह्याचाच भाग होता. 1 मे 1999 रोजी वेगळा झाला. अकोल्याहून पूर्णेकडं जाणारी रेल्वे हिंगोलीवरूनच जाते. आम्ही हिंगोलीत उतरलो आणि एसटीनं औंढ्याच्या रस्त्याला लागलो. अंतर जेमतेम पंचवीस किलोमीटर, पण ऊन असं की खिडकीच्या गजाला हात लावायची सोय नव्हती!

बाहेर काळीभोर जमीन, तिला हात जाईल एवढ्या भेगा. सोयाबीन केव्हाच निघालेलं. तुरीचं पीक निघून बांधाला तुराट्यांचे ढीग लागलेले. हळदही काढून, शिजवून, वाळवून झालेली. इथल्या वसमतच्या हळदीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे तुम्ही वाचलं असेल. पण मे महिन्यात शेतात हळदीचं पानसुद्धा दिसत नाही. सगळं कसं उघडंबोडकं.

“मामा, ते हिरवंगार झाड कुठलं?” भाचीनं विचारलं.

बांधावर, माळावर, टेकडीच्या उतारावर, जिकडंतिकडं तेच झाड. खोड वेडंवाकडं, पण पानं! मोठीमोठी, जाडजूड, जणू कुणी हिरवे पंखे लावून ठेवलेत.

“पळस,” मी म्हणालो.

“हॅ! पळस लाल असतो. पुस्तकात फोटो आहे,” भाचा म्हणाला.

त्याचंही चुकलं नव्हतं. पळस म्हटलं की सगळ्यांना आठवतात ती फाल्गुनातली केशरी फुलं. तेव्हा झाडावर पान नसतं, म्हणून फुलं आणखी उठून दिसतात. पण फुलं पाहुणी; महिनाभरात गळतात. मग ऐन उन्हाळ्यात, बाकीची जमीन भाजून निघत असताना, पळसाला नवी पानं फुटतात. आधी मखमलीसारखी मऊ, मग चामड्यासारखी चिवट. जुन्या इंग्रजी ग्रंथांत या झाडाचं शास्त्रीय नाव ‘ब्युटिया फ्रॉन्डोसा’ असं आहे. ‘फ्रॉन्डोसा’ म्हणजे पानांनी भरलेला! आताचं नाव ‘ब्युटिया मोनोस्पर्मा’, म्हणजे एका बीचा, कारण याच्या चपट्या शेंगेत टोकाला एकच बी असते. आणि ‘ब्युटिया’ हे नाव ब्रिटनच्या एका पंतप्रधानावरून आलं, अर्ल ऑफ ब्यूट. त्याला वनस्पतींचा फार नाद होता. पण माझं मत विचाराल, तर पानांवरून पडलेलं जुनं नावच झकास!

औंढ्याला पोहोचलो. नागनाथाचं मंदिर काळ्या दगडाचं. भिंतींवर हत्ती, देवदेवता आणि नाना मूर्ती कोरलेल्या. बारा ज्योतिर्लिंगांपैकी हे एक, अशी श्रद्धा आहे. पिंड जमिनीखालच्या छोट्याशा गाभाऱ्यात. अरुंद पायऱ्यांनी वाकून उतरावं लागतं. याच जिल्ह्यातलं नरसी हे संत नामदेवांचं जन्मगाव मानतात. नामदेवांना देवळामागं जाऊन कीर्तन करायला सांगितलं, तेव्हा देऊळच त्यांच्याकडं फिरलं, अशी कथा इथं सगळे सांगतात.

दारात बेलाच्या पानांचे ढीग होते. भाची एकदम ओरडली, “मामा, बेलालापण तीनच! मग म्हण फक्त पळसाची का?”

बरोबर पकडलं की नाही पोरीनं? आता गंमत ऐका. बेलाचं त्रिदळ आपण जसं एकच पान म्हणून वाहतो, तसंच पळसाचंही आहे. ती तीन पानं नाहीतच मुळी! पान एकच, त्याचे भाग तीन. त्या भागांना पर्णिका म्हणतात. हे ओळखायचं कसं? पान जिथं फांदीला चिकटतं, तिथं बगलेत बारीकसा कोंब असतो. पर्णिकेच्या बुडाशी असा कोंब नसतो. कोंब एक, म्हणून पान एक. तूर, सोयाबीन, पांगारा यांचंही असंच. ही सगळी पळसाच्याच कुळातली, शेंगा धरणारी भावंडं. बेल मात्र लिंबू-संत्र्याच्या कुळातला.

परतताना गावाबाहेर एका ओसरीवर एक आजीबाई बसलेल्या दिसल्या. पुढ्यात पळसाच्या पानांची चळत. आम्ही थबकलो.

“काय बघायलाव रे लेकरांनो? या, सावलीत बसा.”

“आजी, एवढी पानं कशाला?”

“पत्रावळी लावायलेय बाबा. घरी देवाचं जेवण हाय.”

हात कसे चालत होते म्हणून सांगू! मध्ये एक मोठं पान, भोवती बाकीची एकावर एक चढवलेली, बारीक काडीनं टाक घातला, उरलेली काडी मोडली, की पुढचं पान. गुळगुळीत बाजू वर, लवेची बाजू खाली. डोळा मिटेपर्यंत पत्रावळ तयार.

भाच्याला राहवलं नाही. त्यानंही एक लावली. आजींनी ती उचलून उन्हाकडं धरली. चार ठिकाणी उजेड चमकला.

“जितून उजेड येतोय, तितून वरण जातंय,” आजी हसल्या. “पानावर पान आणखी चढव. आन् लई कवळं घेऊ नगं, आखडतंय. लई जून घेतलं तर फाटतंय.”

तिसऱ्या पत्रावळीला उजेड दिसला नाही. भाच्याची कॉलर ताठ!

“आजी, तुमच्या घरी आणखी कुणाला येतं हे?” भाचीनं विचारलं.

आजींचा हात थांबला. “सुनांना कुटला येळ? त्या दिवसभर रानात रोजानं जात्यात. शंभर पत्रावळी लावून जेवढं भेटतंय, त्यात भागत नाही माय. पान फुकट हाय, पण हात कुटून आणावं?”

यावर मला काही बोलता आलं नाही. दोन हजार अठरा साली महाराष्ट्रानं थर्माकोलच्या ताटांवर बंदी घातली, 2022 साली साऱ्या देशानं घातली. ते चांगलंच झालं. पण त्या जागी आल्या कागदाच्या चकचकीत पत्रावळी. त्यांतल्या कितीतरींना आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. पळसाची पत्रावळ उकिरड्यावर टाकली की तिचं खत होतं. ही तशीच राहते. आणि बांधावरचे पळस? पत्रावळ कुणाला नको झाली, की झाडाकडं सरपण म्हणून बघायला वेळ लागत नाही. तोडला तरी पळस बुंध्यातून पुन्हा फुटतो, एवढा चिवट. पण आजींच्या बोटांतली कला गेली, तर ती कुठल्या बुंध्यातून फुटणार?

निघताना आजींनी भाचीच्या हातात एक पळसपान दिलं. एसटीत ती ते न्याहाळत बसली होती. एकाएकी म्हणाली, “मामा, ही तिन्ही सारखी नाहीत! मधली मोठी आणि दोन्हीकडं सारखी. बाजूच्या दोघी तिरक्या, एकीचा फुगा डावीकडं, दुसरीचा उजवीकडं. आरशात बघितल्यासारख्या!”

मी पान हातात घेतलं. खरंच की! इतकी वर्षं ‘पळसाला पानं तीनच’ म्हणत आलो, पण ती तीन मी कधी नीट बघितलीच नव्हती.

तेव्हा दोस्तांनो, या सुट्टीत एक करा. आपल्या गावचा पळस शोधा, पानाच्या बगलेतला कोंब बघा. आणि घरात कुणा आजी-आजोबांना पत्रावळ लावता येत असेल, तर शेजारी बसून एक तरी लावायला शिका. झाली की उन्हाकडं धरा. उजेड दिसतोय का? मग आणखी एक पान चढवा!