बाबांची पाटी

आमचे बाबा २०१८ सालच्या पावसाळ्यात कालकथित झाले. नायगावच्या बीडीडी चाळीतल्या आमच्या खोलीत, आईच्या डोळ्यांसमोर त्यांनी शेवटचा श्वास घेतला. पुण्यानुमोदनाच्या दिवशी सूत्रपठण झाले, भोजनदान झाले आणि ताटे उचलता उचलता गावाकडच्या आत्याने मला हळूच विचारले, "शेवटी फार हाल झाले का गं माझ्या भावाचे?" मी म्हणाले, "नाही आत्या, शांतपणे गेले." ते खोटे नव्हते, पण पुरते खरेही नव्हते. राहिलेले खरे आज लिहिते आहे, कारण आपल्या कितीतरी घरांत या क्षणी कुणाचे बाबा, कुणाची आई अशीच अंथरुणाला खिळलेली असेल.

बाबा गिरणी कामगार. लालबागच्या एका गिरणीत रिंग खात्यात होते. विणाई खात्यात एके काळी आपल्या माणसांना घेत नसत, कारण तिथे धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळ आडवा येई. बाबासाहेबांनी त्याविरुद्ध आवाज उठवला, हे बाबा आम्हाला नेहमी सांगत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि बाबा गिरणीत परत गेले ते कधीच नाही. पुढे वॉचमनची नोकरी केली. दारूला कधी शिवले नाहीत, पण रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून तंबाखू मळून गालात धरायची सवय लागली, ती सुटली नाही. २०१६ साली त्याच गालात गाठ निघाली.

ऑपरेशन झाले, शेक झाले. रेशनकार्डावर सरकारी योजनेतून बराचसा खर्च भागला. वर्षभराने आजार उलटला. तेव्हा ज्या इस्पितळात उपचार चालू होते, तिथल्या डॉक्टरांनी कागदावरून नजर न उचलता सांगितले, "आता करण्यासारखे काही नाही. घरी न्या." नाकात नळी, गालावर उघडी जखम आणि हातात फाईल घेऊन आम्ही बाबांना टॅक्सीत बसवले.

त्या रात्री घरात मोठे भांडण झाले. दादा म्हणाला, गावची जमीन विकू, कर्ज काढू, पण दुसऱ्या ठिकाणी केमो देऊ. गप्प बसणे म्हणजे बाबांना मारणेच आहे. मामा म्हणाला, एवढ्या हालांपेक्षा सुटलेले बरे. कुणी अंगारा आणून दिला, तो आईने न उघडता परत केला. बावीस प्रतिज्ञा घेतलेले घर आहे हे, एवढेच ती म्हणाली. बाबा भिंतीकडे तोंड करून सारे ऐकत होते.

खालच्या मजल्यावर एक निवृत्त सिस्टर राहत. सकाळी त्या वर आल्या आणि दादाला म्हणाल्या, "बरे करता येत नाही, याचा अर्थ काहीच करता येत नाही असा कुणी लावला? परळला टाटा इस्पितळात पॅलिएटिव्ह विभाग आहे, तिथे न्या."

हा शब्द आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. पॅलिएटिव्ह म्हणजे उपशामक उपचार. आजार हटत नसेल तर वेदना, दुर्गंधी, धाप, उलटी, झोप न येणे, मनातली भीती आणि घरच्यांची होरपळ यांवर इलाज करायचा. सिसिली साँडर्स नावाच्या बाईंनी १९६७ साली लंडनला अशा रुग्णांसाठी सेंट ख्रिस्तोफर्स ही संस्था काढली. त्या आधी नर्स, मग समाजसेविका आणि नंतर डॉक्टर झाल्या होत्या. दुखणे फक्त शरीराचे नसते, त्यात पैशाची काळजी असते, माणसे तुटल्याचे दुःख असते, हे त्यांनी वैद्यकशास्त्राला शिकवले. आपल्या मुंबईत वांद्र्याला १९८६ साली शांती आवेदना सदन सुरू झाले, ते देशातले अशा प्रकारचे पहिले ठिकाण. टाटा इस्पितळात तर २०१२ पासून या विषयाची एम.डी. शिकवली जाते.

बाबांना बोलता येत नसे. मी बालवाडीत शिकवते, म्हणून त्यांना एक पाटी आणून दिली होती. तिथल्या डॉक्टरबाईंनी विचारले, "बाबा, शून्य ते दहामध्ये किती दुखतं?" बाबांनी पाटीवर लिहिले, '१२ आणे'. बाई हसल्या आणि म्हणाल्या, "आपण ते चार आण्यांवर आणू." जखमेच्या वासासाठी एका साध्या गोळीची पूड करून पसरायला सांगितली. चार दिवसांत खोलीतला वास इतका कमी झाला की शेजारची मुले पुन्हा बाबांजवळ येऊन बसू लागली. नळीतून काय द्यायचे, तोंड कसे स्वच्छ करायचे, कूस कधी बदलायची, हे सिस्टरनी आईच्या हातून करवून घेतले.

आणि दुखण्यासाठी मॉर्फीनच्या गोळ्या दिल्या. चार-चार तासांनी एक, पूड करून पाण्यातून नळीवाटे. रात्री निजताना दोन, म्हणजे मधे उठावे लागत नाही. सोबत पोट साफ होण्याचे औषध, कारण या गोळीने हमखास बद्धकोष्ठ होते.

आता माझी चूक सांगते. मामा म्हणाला, "ही अफू आहे. सवय लागेल, जीव लवकर जाईल." मला भीती वाटली. बाबांनीही पाटीवर लिहिले, 'पंचशील'. आयुष्यभर मादक पदार्थापासून दूर राहण्याचे शील पाळलेला माणूस. त्यांना शेवटी नशा नको होती. मी गोळीचे दोन तुकडे करायला लागले. अर्धीच देत होते, रात्रीची टाळत होते. पाच दिवस मी असे केले. त्या पाच रात्री बाबा उशी दातात धरून कण्हत होते, आणि मी उशाशी बसून स्वतःची समजूत घालत होते की मी त्यांचे भलेच करते आहे.

सहाव्या दिवशी सिस्टरनी गोळ्या मोजल्या आणि सारे ओळखले. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "वेदनेसाठी डॉक्टरांनी बेताने ठरवलेली मात्रा वेगळी आणि नशा वेगळी. पहिले दोन-चार दिवस गुंगी येते, मग उतरते. सवय लागण्याची भीती इथे फारच थोडी आहे, आणि योग्य मात्रेने मरण जवळ येत नाही. न विचारता वाढवू नका, तशी कमीही करू नका." संध्याकाळी आमच्या विहारातले बौद्धाचार्य आले. त्यांनी बाबांना सांगितले की भगवंतांनी विनयात आजारी भिक्खूला औषधी तेलात थोडे मद्य घालून घेण्याचीही मुभा दिली होती. शील बेहोशी टाळण्यासाठी आहे, औषध टाळण्यासाठी नाही. बाबांनी पाटी पुसली. त्या रात्री मी दोन गोळ्या दिल्या. सकाळी पाटीवर होते, '४ आणे'.

ज्या देशात अफूची कायदेशीर शेती होते, ज्या मंदसौर-नीमचची अफू परदेशी औषधांसाठी जाते, त्याच देशात गरिबाला मॉर्फीन मिळणे दुर्मीळ झाले. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने इतके परवाने मागितले की बहुतेक इस्पितळांनी ती गोळी ठेवणेच सोडले. २०१४ साली कायदा सुधारला आणि मान्यताप्राप्त संस्थांना ती देणे सोपे झाले. २०१२ साली केंद्राने उपशामक सेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम आखला, २०१७ च्या आरोग्य धोरणातही तिला जागा मिळाली. पण कागदावरची सेवा तालुक्याच्या दवाखान्यात पोचायला हवी. आमचे नशीब की परळ आम्हाला हाकेच्या अंतरावर होते. टाटा इस्पितळाभोवतीच्या फुटपाथवर विदर्भ-मराठवाड्यातून, बिहार-बंगालमधून आलेली माणसे आपण पाहतोच. दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा अशांना आसरा देते, पण ज्याला शेवटचे दिवस घरी काढायचे आहेत, त्याला घरीच औषध मिळाले पाहिजे.

दुखणे कमी झाले तसे बाबा बोलू लागले, म्हणजे लिहू लागले. दादाने सांगून ठेवले होते की त्यांना काही कळू देऊ नका. डॉक्टरबाईंनी बाबांनाच विचारले, "तुम्हाला काय वाटतं?" बाबांनी लिहिले, 'मला ठाऊक आहे. पोराला सांगा.' दादा तिथेच रडला. मग जमीन विकायचा विषय निघाला नाही.

पुढचे सात आठवडे बाबांनी नीट योजना केली. बँकेच्या खात्याला आईचे नाव लावून घेतले. खोलीच्या भाडेपावतीचे कागद काढून ठेवले. इस्पितळात नेऊन नळ्या लावू नका, इथेच राहीन, असे लिहून दिले. त्याच वर्षी ९ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने असे आगाऊ लिहून ठेवण्याचा हक्क मान्य केला होता, हे आम्हाला मागाहून कळले. २०२३ साली त्याची पद्धतही सोपी झाली. मामाच्या 'सुटलेले बरे' या शब्दावर आईने मात्र केईएमच्या परिचारिकांची आठवण दिली. अरुणा शानबाग १९७३ पासून २०१५ पर्यंत अंथरुणावर होत्या, आणि त्या परिचारिकांनी बरे होण्याची आशा नसताना त्यांना सांभाळले. शेवटी बाबांनी लिहिले, 'खांदा मुलीनेही द्यावा.' मी दिला.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी एक प्रसंग दिला आहे. पोटाच्या विकाराने स्वतःच्याच घाणीत पडलेल्या एका भिक्खूकडे कुणी फिरकत नव्हते, कारण त्याचा कुणाला उपयोग नव्हता. भगवंतांनी आनंदाकडून पाणी आणवले, दोघांनी मिळून त्याला धुतले आणि उचलून बिछान्यावर ठेवले. केरळात १९९३ साली कोझिकोडला काही डॉक्टरांनी आणि साध्या माणसांनी हेच काम सुरू केले. २००८ साली त्या राज्याने धोरण केले आणि पंचायतीची नर्स रुग्णाच्या घरी जाऊ लागली.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या विहारांना हे अवघड नाही. वापरून झालेली कमोडची खुर्ची, हवेची गादी, चाकाची खुर्ची विहारात ठेवली तर ती दहा घरांना पुरेल. महिला मंडळाने आठवड्यातून दोन तास रुग्णाजवळ बसायचे ठरवले, तर रात्रभर जागलेली बाई निवांत झोपेल. आणि कुणी "घरी न्या" म्हणाले, तर घरी जरूर न्यावे, पण त्याआधी "दुखण्याचे काय?" एवढे विचारावे.

ती पाटी आमच्याकडे अजून आहे. बालवाडीत नेत नाही. आत्या पुन्हा आली की तिला त्या पाच रात्रींबद्दल सांगणार आहे.

जयभीम.