चार बॅटऱ्या, सहा पोती आणि एक वही

१/
गोंदियातील एका घरात, लोखंडी पेटीच्या तळाशी, शाळेची एक जुनी वही आहे. पहिल्या अर्ध्या भागात सातवीतल्या मुलीने सोडवलेली गणिते आहेत. उरलेल्या कोऱ्या पानांवर तिच्या वडिलांनी पट्टीने चार रकाने आखले आहेत आणि प्रत्येक रविवारच्या तारखेपुढे आकडे लिहिले आहेत : १.२६, १.२६, १.२५, १.२६. ही वही म्हणजे विजेवर चालणाऱ्या एका छोट्या मालवाहू गाडीची रोजनिशी. आजचा थ्रेड त्या गाडीविषयी आणि तिच्या शंभर वर्षे आधी रस्त्यावर उतरलेल्या तिच्या पूर्वजांविषयी. #इतिहास #थ्रेड

२/
१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. धानाचा हा प्रदेश. शेतातून धान राइस मिलमध्ये येते, भरडाई होते आणि तांदळाची पोती गावभरच्या दुकानांत पोहोचतात. मिल ते दुकान हे शेवटचे दोन-चार किलोमीटर एकेकाळी बैलगाडीचे होते, मग हातगाडीचे आणि सायकलरिक्षाचे झाले. वहीचे मालक याच शेवटच्या टप्प्यावर पोट भरणारे. २०१४ च्या नियमांनी आणि २०१५ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने बॅटरीवरील ई-रिक्षा व ई-कार्ट यांना कायदेशीर ओळख मिळाली. त्यानंतरच्या वर्षी त्यांनी सायकलरिक्षा विकली आणि मागे उघडा हौदा असलेली ई-कार्ट घेतली.

३/
नियमांनुसार अशा गाडीचा वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि भार ३१० किलोपर्यंत. म्हणजे ५० किलोची सहा पोती. सातवे चढवले की नियम मोडला. चालकाच्या आसनाखाली आणि मागे मिळून १२ व्होल्टच्या चार शिसे-आम्ल बॅटऱ्या, एकापुढे एक जोडून ४८ व्होल्ट. चारही मिळून वजन शंभर किलोंहून अधिक. प्रत्येक बॅटरी १०० अँपिअर-तासांची धरली, तर साठा होतो ४.८ युनिट विजेचा. अर्ध्या लिटर डिझेलच्या ज्वलनातून साधारण एवढीच उष्णता मिळते. विद्युत मोटर डिझेल इंजिनापेक्षा कितीतरी काटकसरी असते, म्हणूनच एवढ्या तुटपुंज्या शिदोरीवर गाडी दिवसभर फिरू शकते. विजेच्या गाडीचा सारा इतिहास या शिदोरीभोवती फिरतो.

४/
शिसे-आम्ल बॅटरी १८५९ ची. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी ती सिद्ध केली. १९०० साली अमेरिकेत तयार झालेल्या मोटारींपैकी एक तृतीयांशाहून अधिक विजेवर चालणाऱ्या होत्या. पेट्रोलच्या गाड्या त्यांच्यापेक्षा कमी होत्या. विजेचे मालट्रकही होते. दूध, बर्फ, पाव, दुकानांचे सामान असा ठरलेल्या रस्त्यावरचा, वारंवार थांबण्याचा आणि रात्री ठाण्यावर परतण्याचा धंदा त्यांना मानवे. १९१२ पासून पेट्रोलच्या मोटारींना सेल्फ-स्टार्टर मिळू लागला, हँडल फिरवण्याची कटकट गेली, पेट्रोल स्वस्त होत गेले आणि विजेच्या गाड्या मागे पडल्या. पाठ्यपुस्तकांत ही कथा बहुधा इथेच संपते.

५/
पण तिचा एक उपकथाभाग आहे आणि गोंदियाच्या वहीशी त्याचे जवळचे नाते आहे. अमेरिकेतील हार्टफर्ड शहराच्या वीज कंपनीने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात विजेच्या ट्रकमालकांसाठी एक योजना चालवली. ट्रक विकत घ्यायचा, पण बॅटरीविना. बॅटरी कंपनीची. ती उतरली की ठाण्यावर जाऊन भरलेली बसवून घ्यायची. मालकाने दरमहा ठरावीक शुल्क भरायचे आणि शिवाय गाडी जितके मैल धावेल तितक्या मैलांचे पैसे. बॅटरी खराब झाली तर ती डोकेदुखी कंपनीची. १९२४ पर्यंत या योजनेखालील वाहनांनी ६० लाखांहून अधिक मैल अंतर कापले. यंत्र तेच, रसायन तेच. फक्त झीज कोणी सोसायची, हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला होता.

६/
आपल्याकडे विजेवरची वाहतूक आली ती तारेच्या आधाराने. मुंबईत १९०७ साली विजेची ट्राम धावली. १९६२ ते १९७१ या काळात ट्रॉलीबसही होती. वीज डोक्यावरच्या तारेतून येई, गाडीत साठवावी लागत नसे. साठवणुकीचे प्रयोग नंतरचे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायकलरिक्षा सुधारण्याचे काम हाती घेतले आणि त्यातून पूर्णपणे बॅटरीवर चालणारी ‘इलेक्शा’ ही रिक्षा तयार झाली. गोंदिया जिल्हा जन्मला त्याच १९९९ साली महिंद्रने ‘बिजली’ ही विजेची तीनचाकी आणली, २००१ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कंपनी काढली आणि मागणीअभावी २००४ मध्ये ते काम थांबवले.

७/
इतिहासाच्या पुस्तकात ‘मागणीअभावी थांबवले’ हे तीन सेकंदांत वाचून होणारे वाक्य आहे. पण कोणतीही गाडी बाजारातून उठते तेव्हा ती घेतलेली माणसे उठून जात नाहीत. त्यांच्या अंगणात गाडी उभी असते आणि तिला सुटे भाग हवे असतात. नव्या तंत्रज्ञानाचा पहिला गिऱ्हाईक हा नुसता गिऱ्हाईक नसतो. प्रयोगशाळेत न झालेली उरलेली परीक्षा त्याच्या खिशावर पार पडते.

८/
वहीतील परीक्षा अशी चाले. रात्री चार्जर लावायचा. पूर्ण भरायला आठ-दहा तास. त्याआधी प्रत्येक बॅटरीची सहा बुचे उघडून आतल्या प्लेटा पाण्याखाली आहेत ना, एवढे पाहायचे. उघड्या पडल्या असतील तर जेमतेम बुडतील इतकेच डिस्टिल्ड वॉटर घालायचे. बाकीचे पाणी सकाळी, चार्जिंग झाल्यावर, कारण भरताना आम्ल फुगते आणि आधीच काठोकाठ भरले तर बाहेर सांडते. नळाचे पाणी कदापि नाही. त्यातील क्षार प्लेटांचा जीव घेतात. टर्मिनलवर पांढरट-हिरवी बुरशी चढली की सोडा घातलेल्या गरम पाण्याने धुवायची आणि वर व्हॅसलिन लावायचे. भरणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून जवळ विडी ओढायला सक्त मनाई. विड्यांच्या धंद्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात हा नियम पाळणे आणि पाळायला लावणे सोपे नव्हते.

९/
दर रविवारी हायड्रोमीटर. काचेच्या नळीत आम्ल ओढायचे आणि आतला तरंगणारा काटा वाचायचा. भरलेल्या बॅटरीत आम्लाची घनता साधारण १.२६ ते १.२८, पूर्ण उतरलेलीत १.१५ च्या खाली. चार बॅटऱ्या, चार रकाने. हे त्यांना कोणी शिकवले? गाडी विकणाऱ्याने नव्हे. ट्रॅक्टरच्या आणि घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्या बाजारातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने. भारनियमनाच्या वर्षांनी महाराष्ट्राच्या गावागावांत इन्व्हर्टर नेले होते आणि त्यांच्यामागोमाग हे ज्ञान पसरले होते. विजेच्या गाडीला लागणारी विद्या विजेच्या टंचाईने आधीच तयार करून ठेवली होती.

१०/
मग मे महिना आला. नवतपाच्या दिवसांत पारा ४५ अंशांच्या घरात जातो. शिसे-आम्ल बॅटरीविषयी एक ढोबळ नियम आहे : २५ अंशांच्या वर दर १० अंशांमागे तिचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते. वहीत त्या महिन्यात पाणी घातल्याच्या नोंदी एकदम दाट होतात. जूनमध्ये तिसऱ्या रकान्यात पहिल्यांदा १.१९ दिसतो. त्यापुढे एक शब्द : ‘पूल’. पोती भरलेली गाडी रेल्वेवरच्या पुलाच्या चढावर थांबली होती. वाटेतल्या दोघांनी मागून लोटली, तेव्हा ती पलीकडे गेली.

११/
एकापुढे एक जोडलेल्या बॅटऱ्यांत सर्वांत अशक्त बॅटरी सगळ्यांची मर्यादा ठरवते. मिस्त्रीचा सल्ला स्पष्ट होता : बदलायच्या तर चारही. चार बॅटऱ्यांचे पैसे हाताशी नव्हते. जे होते ते मुलीच्या आठवीच्या प्रवेशासाठी बाजूला काढलेले. त्यांनी एकच बदलली. पुढच्या पानांवर त्या निर्णयाचे फळ आकड्यांत उतरलेले आहे. आधी नवी बॅटरी दिमाखात १.२७, मग जुन्या तिघींबरोबर राहून १.२५, १.२३. दिवाळीपर्यंत चारही बसल्या. गाडी जिथून घेतली ते दुकान तोवर बंद झाले होते. बॅटऱ्यांतले जुने शिसे मोडीत विकले जाते, तेवढी रक्कम वजा करून त्यांनी हप्त्यावर नवा संच घेतला. दोन महिने शेजाऱ्याची हातगाडी ओढून त्यांनी ते हप्ते फेडले. मुलीचा प्रवेश झाला.

१२/
हीच बॅटरी, हेच रसायन. पण काठमांडूत गोष्ट वेगळी घडली. १९९३ मध्ये तिथे डिझेलच्या तीनचाकी टेम्पोंचे विजेत रूपांतर करण्याचा प्रयोग अमेरिकेच्या मदतीने सुरू झाला. १९९९ मध्ये धूर ओकणारे डिझेल टेम्पो खोऱ्यातून हटवले गेले आणि ‘सफा टेम्पो’ने त्यांची जागा घेतली. शेकडो गाड्या, त्यांतील कितीतरी महिला चालवणाऱ्या. त्या टिकल्या, कारण चार्जिंग ठाणी उभी राहिली : दिवसात एकदा ठाण्यावर यायचे, उतरलेला संच काढायचा, भरलेला बसवायचा आणि पुन्हा रस्त्यावर. पाणी घालणे, घनता मोजणे, टर्मिनल पुसणे हे ठाण्यावरच्या माणसांचे रोजचे काम. हार्टफर्डच्या वीज कंपनीची युक्ती जणू हिमालयाच्या पायथ्याशी पुन्हा सापडली होती.

१३/
भारतात दरम्यान धोरण पुढे सरकले. एप्रिल २०१९ पासून सुरू झालेल्या फेम योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात अनुदान फक्त नव्या पिढीच्या बॅटऱ्यांना होते. शिसे-आम्ल त्यातून वगळले गेले. कारण रास्त होते, शिसे विषारी आणि आयुष्य अल्प. महाराष्ट्राचे विद्युत वाहन धोरण २०१८ मध्ये आले, सुधारित २०२१ मध्ये. २००५ च्या टाटा एसने, म्हणजे सर्वांच्या लाडक्या ‘छोट्या हत्ती’ने, मे २०२२ मध्ये विजेचा अवतार घेतला : २१.३ युनिटांची लिथियम बॅटरी, तिला थंड ठेवण्याची स्वतंत्र व्यवस्था. त्या बॅटरीला बुचे नाहीत, पाणी घालायचे नाही, हायड्रोमीटर निरुपयोगी. मिस्त्रीची विद्या तिथे लागू होत नाही आणि बिघाड झाला तर झाकण उघडण्याचा अधिकारही मालकाकडे उरत नाही.

१४/
वहीच्या मालकांनी तिसऱ्या संचानंतर गाडी विकली. आता ते एका मिलच्या लिथियमवरील गाडीवर पगारी चालक आहेत. गाडी दमत नाही, चढावर थांबत नाही, असे ते मोकळेपणाने सांगतात. पूर्वीपेक्षा मे महिना सुखाचा जातो. पण त्यांच्या बोलण्यात एक वाक्य पुन्हा पुन्हा येते : ती गाडी माझी होती, तिच्या पोटात काय चालले आहे ते मला ठाऊक असायचे. मोकळेपणाने केलेले कौतुक आणि हे वाक्य, दोन्ही खरी आहेत. इतिहास लिहिताना यांतील एकच निवडण्याचा मोह टाळावा लागतो.

१५/
अभिलेखागारात काय पोहोचते, हेही इथे विचारात घ्यावे. अनावरणाच्या बातम्या पोहोचतात, शासन निर्णय पोहोचतात, कंपन्यांचे अहवाल पोहोचतात. या साधनांवरून लिहिलेल्या इतिहासात विजेची गाडी दर वीस वर्षांनी नव्याने ‘येते’ आणि मग दिसेनाशी होते. ती का गेली, कोणत्या आठवड्यात, कोणत्या पुलाच्या चढावर, आणि पुढचा संच कोणाच्या घामातून आला, हे फक्त वहीत असते. अशी वही लिहिणाऱ्याला आपण साधन निर्माण करत आहोत याची कल्पनाही नसते. त्याला फक्त रविवारी तिसरी बॅटरी कशी आहे ते पाहायचे असते.

१६/
तुमच्या घरी, शेजारी, गॅरेजमध्ये अशी वही असेल : टेम्पोची, ट्रॅक्टरची, पिठाच्या गिरणीची, ऑइल इंजिनाची. रद्दीत जाण्याआधी तिची प्रत्येक पानाची छायाचित्रे क्रमाने काढा, कोरी पानेही सोडू नका. मालकाला विचारून खुणांचे अर्थ वेगळ्या कागदावर लिहून घ्या. ‘पूल’ या एका शब्दामागची गोष्ट दुसरे कोणी सांगू शकणार नाही. गाव, वर्ष, यंत्राचा प्रकार नोंदवा आणि मालकाची परवानगी असल्याशिवाय त्याचे नाव कुठेही टाकू नका. मूळ वही त्याच्याकडेच राहू द्या. गोंदियातली ती वही अजून त्याच पेटीत आहे. गणिते सोडवणारी मुलगी आता महाविद्यालयात शिकते आणि तिने पहिल्या अर्ध्या भागासकट सगळ्या पानांची छायाचित्रे काढून ठेवली आहेत.

(थ्रेड समाप्त)